चार हजार शहाण्णव

सहा आसनी ऑटोत सातवा माणूस चढला की आमचे काका उतरायचे. भांडायचे नाहीत, ड्रायव्हरला चार गोष्टी सुनवायचे नाहीत. गुमान उतरायचे, पिशवी खांद्याला लावायचे आणि चालायला लागायचे.

"अवो काका, सरकून बसा की. एक बसतंय आरामात," ड्रायव्हर म्हणायचा.

"बसतंय की. मी कुठं न्हाई म्हणलो? त्याला बसव. मी उतरून राहिलो."

लातूरच्या गंजगोलाईपासून आमचं ऑफिस तीन किलोमीटर. एकदा मे महिन्यात मीही त्यांच्यासोबत होते, त्यामुळं मलाही उतरावं लागलं. अर्ध्या वाटेत, डोक्यावर ओढणी घेऊन, मी वैतागून विचारलं, "काका, एका माणसानं काय होतं?"

"काय होत न्हाई. आठव्यानं पण काय होत न्हाई."

"मग?"

"मग कितव्यानं होतं ते ज्याला ठावं होतं, त्यानं सहा लिवून ठेवलंय. मला ठावं न्हाई. म्हणून मी सहाच धरतो."

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि ऑफिसात त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मला आठवतही नाही.

मी मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि नांदेडच्या कॉलेजातून कॉम्प्युटर सायन्स घेऊन बीएस्सी झालेली तर अख्ख्या आळीत मीच. खरं आहे म्हणून सांगते. पुढं माझ्या हातून जे झालं ते या अभिमानातूनच झालं, म्हणूनही सांगते. लातूरला इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला पहिली नोकरी लागली. क्लासेसच्या भागातली होस्टेलं, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबं मिळून अकराशेच्या आसपास कनेक्शनं. मालक पूर्वीचे केबल टीव्हीवाले. वायर ओढणं, खांबावर चढणं, चिडलेल्या गिऱ्हाईकाला गोड बोलून गप करणं त्यांना सगळं यायचं. वायरच्या या टोकाला जी मशीनं होती त्यांचं मात्र काही कळत नव्हतं, आणि ते तसं सांगायचेही. "मशीनचं काकाला इचारा."

काका नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उमेदीची वर्षं काढून, मुदतीआधी निवृत्ती घेऊन लातूरला आलेले. शिक्षण आयटीआय. बँका आणि ऑफिसं जुने कॉम्प्युटर काढून टाकतात ते त्यांनी आणले, त्यांच्यावर फुकट मिळणारी, सगळ्यांना आतून उघडून बघता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि त्यांचेच राउटर बनवले. तीन मशीनं होती. त्यांची नावं लोहा, अहमदपूर आणि चाकूर. काका दर शनिवारी एसटीनं नांदेडला घरी जायचे, त्या वाटेवरची ही गावं. मालक फोनवर "अहमदपूर बंद पडलंय वो" म्हणाले की नवीन माणूस दचकायचा.

मशीनच्या खोलीत चप्पल बाहेर काढूनच जायचं. देवासाठी नाही, धुळीसाठी. मालकांनाही सूट नव्हती.

पहिल्या दिवशी काकांनी मला विचारलं, "राउटिंग टेबल म्हंजे काय?" मी कॉलेजात पाठ केलेली व्याख्या इंग्रजीतून धडाधड म्हणून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"पाठ लई चांगलं हाय. आता सांग, नांदेडच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत जो बसतो, तो काय करतो?"

"गाड्यांची माहिती देतो."

"माहूरची गाडी विचारलीस की म्हणतो, फलाट चार. तो स्वतः माहूरला जन्मात गेला नसंल. त्याला घाट ठावं न्हाई, गडाच्या पायऱ्या ठावं न्हाईत. त्याला फलाट ठावं हाय. पुढचं पुढचे बघतील. आपलं मशीन म्हंजे तो माणूस, आन टेबल म्हंजे त्याच्यासमोरचा तक्ता. आता सांग, तक्ता किती ओळीचा?"

"कितीही करता येतो."

"कितीही कसा? भिंत किती हाय?"

बीएस्सीला भिंतीबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

मशीनच्या सेटिंगची जी फाइल असते तिच्यात प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर काकांनी मराठीतून टीप लिहिलेली असायची. 'हा साठ होता, नव्वद केला. कारण चाकूर सावकाश उठते.' 'हा मालकांच्या आग्रहावरून वाढवला. पटलेले नाही.' आणि एके ठिकाणी: '४०९६. हा मी ठेवलेला नाही, आधीचाच आहे. का ठेवला ते कळेपर्यंत हात लावू नये.'

ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातला नेटवर्कचा भाग त्यांनी छापून घेतला होता आणि बाइंडरकडून कापडी पुठ्ठ्यात बांधून घेतला होता. पाच जाड खंड. जेवण झालं की लाकडी पट्टी ओळीखाली धरून वाचत बसायचे.

"काय काका, पोथी लावली का?" मालक दारातून विचारायचे.

"हाव. बसा की ऐकायला. चप्पल काढून या."

त्या कोडमध्ये जगभरच्या लोकांनी मधूनमधून आपापल्या नोंदी लिहिलेल्या असतात. काका त्या नातेवाइकांची पत्रं वाचावीत तशा वाचायचे. एकदा मला हाक मारून बोलावलं. "ह्या माणसानं बघ काय लिवलंय. हे असं का चालतं ते मला कळलेलं न्हाई, पण काढलं तर बंद पडतं. खरा माणूस हाय." दिवसभर त्या माणसावर खूश होते.

त्यांचं एक बोलणं मी पुष्कळदा ऐकलं. कुणी म्हणालं, वाढवा की तो आकडा, तर म्हणायचे, "आकडा वाढवला की विचारणं बंद होतं." मला वाटायचं, म्हातारा माणूस, घाबरतो.

त्या उन्हाळ्यात अहमदपूरला दुखणं लागलं. रोज संध्याकाळी, लाईट जाऊन आल्यानंतर थोड्या वेळानं, निम्म्या गिऱ्हाईकांचं नेट अर्धवट बंद पडायचं. काही साइट उघडायच्या, काही नाही. फोन खणखणायला लागायचे. मशीनवर बघितलं तर संदेश असायचा की रस्ता सापडत नाही. दुखणं काय ते काकांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. इंटरनेटवर नव्या पद्धतीचे जे लांबलचक पत्ते निघालेत, त्यांच्या नोंदींची यादी चार हजार शहाण्णववर जाऊन भरत होती. त्यापुढं एक ओळ घ्यायला मशीन तयार नव्हतं. मशीन बंद करून चालू केलं की यादी कोरी, मग उद्या संध्याकाळपर्यंत निवांत.

दुखणं कळलं होतं, पण यादी भरते कशानं ते कळत नव्हतं. काकांनी त्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम बघणाऱ्या परदेशातल्या लोकांना पत्र लिहिलं. इंग्रजी मी नीट करून दिलं. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: आमच्याकडं असं होत नाही.

मालक तोंडाचे गोड, पण फोन त्यांना यायचे. एक दिवस ते चप्पल काढून आत आले आणि स्टुलावर बसले. "काका, हा महिना बघतो. न्हाई जमलं तर तयार मशीन घेतो कंपनीची. मशीनसोबत त्यांचाच माणूस येतो देखभालीला. मग तुम्हाला काय काम सांगू, ते तुम्हीच मला सांगा."

काका "बघू" म्हणाले. 'होईल' असं ते कधीच म्हणायचे नाहीत.

त्याच सुमारास काकींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि काका दहा दिवस नांदेडला गेले. जाताना मला म्हणाले, "संध्याकाळी एकदा बंद-चालू करत जा. आकड्याला हात लावू नको, माय. मी आलो की बघू."

पहिल्याच संध्याकाळी मी हात लावला.

नेटवर शोधलं तर जिथं तिथं एकच सल्ला होता, आकडा वाढवा. चार हजार शहाण्णवच्या जागी मी दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर लिहिलं. दोन सेकंदांचं काम. वर टीप लिहिली नाही, कारण लिहायला कारण नव्हतं. मला काकांची नोकरी वाचवायची होती हे खरं. आणि बीएस्सी कशाला म्हणतात ते दाखवायचं होतं हेही खरं.

नऊ दिवस एक फोन आला नाही. मालक खूश. पाचव्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "काका न्हाईत तर नेट बघ कसं गपगार चालायलंय. ह्याचा काय अर्थ घ्यायचा वो आपण?" मी हसले. काकांना आल्यावर मीच सांगेन, मग ते मालकांना सांगतील, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर, त्या हसण्यात मला गोडीही वाटली होती.

दहाव्या दिवशी काका सकाळच्या गाडीनं आले. त्या दिवशी मुलांचे कॉलेज प्रवेशाचे पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस होता. दोन-दोन वर्षं घर सोडून राहिलेली पोरं त्या एका फॉर्मसाठी होस्टेलात थांबली होती. अकराच्या सुमारास अहमदपूर मेलं. अर्धवट नाही, पुरतं. काकांनी अजून खांद्यावरची पिशवी काढलेली नव्हती. ते तसेच बसले. मशीन चालू केलं तर ते आपली डिस्क तपासत बसलं आणि त्यात तासभर गेला. बाहेर काउंटरपाशी पोरं, आईबाप, कुणी रडवेलं, कुणी शिव्या देणारं. मी माझ्या मोबाइलच्या नेटवर तिघींचे फॉर्म भरून दिले आणि चौथीच्या वेळी डेटा संपला.

मालक धावत आत आले. चप्पल पायातच. त्या दिवशी कुणी अडवलं नाही.

"कशानं झालं, काका?"

"मेमरी संपली. यादीचा आकडा लई वाढवल्यामुळं."

"कुणी वाढवला?"

मी तोंड उघडलं.

"मी," काका म्हणाले. "नांदेडहून वाढवलो. घरून करता येतं ते."

मालक स्टुलावर टेकले. "काका, मी तुम्हाला वडिलांच्या जागी मानतो. पण आता बस झालं. तुम्ही घरी जावा. पुढच्या गुरुवारी मशीनवाला येणार हाय, त्याला ऑर्डर देऊन टाकतो."

माझं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. काकांनी पिशवी खांद्यावरून काढलीच नव्हती, त्यामुळं त्यांना जायला वेळ लागला नाही. पाच खंड मात्र दोन खेपा करून ऑटोत ठेवले. अख्खा ऑटो ठरवला होता. एकटेच बसले.

रविवारी मी नांदेडची एसटी धरली. काकांचं घर जुन्या वस्तीत, दोन खोल्या आणि पुढं फरशीचं अंगण. दार काकींनी उघडलं. डोळ्यावर काळा चष्मा.

"आकडेवाली ना तू? ये माय. खाली बघून चाल. कागदच कागद टाकलेत ह्यांनी. मला तर दिसत न्हाई, मी भिंत धरून चालून राहिले चार दिवसापासून."

काका जमिनीवर बसले होते. समोर एक खंड उघडा, शेजारी एकाला एक चिकटवलेले कागद, चटईएवढे लांब.

"काका, ते मी..."

"आधी चहा घे."

"काका, तो आकडा मी वाढवला."

"सहा वाजून बारा मिनिटांनी," ते म्हणाले. "मशीन लिवून ठेवतंय सगळं. कोण, किती वाजता. त्या दिवशी मशीन उठलं की पहिल्या मिनटात वाचलो मी."

"मग तुम्ही कामून स्वतःवर घेतलं?"

"मला पेन्शन हाय. तुझ्या घरी काय हाय?"

मला राग आला. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. "माझ्या घरी मी आहे," मी म्हटलं.

ते पहिल्यांदा मान वर करून नीट बघायला लागले. "मग बोलायची व्हतीस. मी काय तुझं तोंड धरलो व्हतो?"

काकी आतून म्हणाल्या, "अवो, पोरगी इतक्या लांबून आली, तिला खायला उठवा, रडवू नका."

"रडत न्हाई ती. बीएस्सी हाय." मग माझ्याकडं वळून, एकदम वेगळ्या आवाजात, "ते जाऊ दे. इकडं ये. तू काय केलीस ते बघ."

त्या लांब कागदावर एक रेघ होती. यादीत किती नोंदी आहेत ते मशीन दर पाच मिनिटांनी लिहून ठेवायचं, त्याचा काकांनी आलेख काढला होता. रेघ पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेली होती. आठ लाखांच्या वर जाऊन तुटली होती.

"पायरी कुठं हाय बघ. दुपारी चार, साडेचार. रोज. तेव्हा काय होतं आपल्याकडं?"

"लाईट जाते."

"लाईट जाते. अकराशे घरातले नेटचे डबे एका दमात बंद. लाईट आली की अकराशे डबे एका दमात, लाईन लागेपर्यंत पुन्हा पुन्हा मशीनला हाक मारतात. मशीन हरेक हाकेला नवी लाईन उघडतं. आता पहाटेचं बघ. पोरं झोपलेली, कुणी नेट वापरून राहिलं न्हाई. रेघ उतरली का?"

नव्हती उतरली. कुठंच उतरली नव्हती. नऊ दिवसांत एकदाही नाही.

"स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात का न्हाई? समज, रुमाल टाकला आन माणूस निघूनच गेला. रुमाल तिथंच. कंडक्टर झाडू घेऊन येतो, पण रुमाल असलेल्या जागेला तो हात लावत न्हाई. कुणाचं तरी हाय म्हणतो. असं रोज झालं तर?"

"गाडी रिकामी असून भरलेली."

"चार हजार शहाण्णव जागेची गाडी. रोज भरून राहिली व्हती. मी समजलो, प्रवासी लई झाले. तीन महिने चुकीचं समजलो. तू दहा लाखाची गाडी आणलीस, ती पण भरत आली, तेव्हा कळलं की प्रवासी न्हाईतच. नुसते रुमाल." त्यांनी खंडाच्या उघड्या पानावर पट्टी ठेवली. "लाईन बंद होते, त्या वक्ताला तिच्या नोंदीवरचा हात सोडायला पायजे. तीन वाटा हायेत. दोन वाटेनं सोडलाय. तिसऱ्या वाटेनं विसरलाय. सगळ्या लाईनी एका दमात मेल्या तरच ती वाट लागते. त्या लोकाकडं लाईट जात न्हाई, माय. त्यांना कसं दिसंल?"

"मग दुरुस्ती?"

त्यांनी पेन्सिलनं समासात लिहिलेली एक ओळ दाखवली. एकच ओळ.

परतीच्या गाडीत मी अहमदपूर येईपर्यंत तो आलेख मांडीवर घेऊन बसले होते. सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानंच सांगितलं. आकडा मी वाढवला. काकांनी खोटं सांगितलं. काका नाहीत तर नेट गपगार चालतंय, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी हसले. नोकरी घ्यायची असेल तर घ्या, पण दुरुस्ती सापडली आहे आणि ती काकांनी शोधली आहे.

मालकांनी पेन खाली ठेवलं. "तू आता हे कशाला सांगायलीस? कुणी इचारलं न्हवतं."

"विचारलं होतं. त्या दिवशीच. कुणी वाढवला म्हणून."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "तुझं नंतर बघतो. मला ती ओळ-बिळ कळत न्हाई. लाईट जाऊन आल्यावर नेट टिकलं पायजे. मशीनवाला गुरुवारी अकराला येणार. बुधवारी काकाला बोलवून दाखव म्हणावं. न्हाई टिकलं तर मी ऑर्डर देणार आन पुन्हा कुणी माझ्याकडं यायचं न्हाई. काकानंबी, तूबी."

बुधवारी काका आले. दुपारपर्यंत त्यांनी ती ओळ घालून कर्नल नव्यानं बांधला आणि अहमदपूर त्याच्यावर उठवलं. आकडा परत चार हजार शहाण्णव केला. मी म्हटलं, "निदान आज तरी जास्त ठेवा. दहा हजार." ते म्हणाले, "मग खरं कसं कळंल?"

पावणेचारला मालक चप्पल काढून आत आले आणि स्टुलावर बसले. पडद्यावर यादीतल्या नोंदींचा आकडा दर दोन सेकंदांनी नवा होत होता. दोन हजार नऊशे काहीतरी. आम्ही तिघं लाईट जायची वाट बघत होतो.

चार वाजले. साडेचार. पंखा फिरत होता.

"आज काय झालं ह्यांना?" मालक म्हणाले. पाचला त्यांनी वीज ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. "अहो, आज आमच्याकडची लाईट जाणार हाय का न्हाई? न्हाई न्हाई, तक्रार न्हाई वो. नुसतं इचारायलाव. अहो जाऊ द्या की, कशाला थांबलाव?" पलीकडचा माणूस काय म्हणाला कोण जाणे, मालकांनी फोन ठेवला आणि कपाळ पुसलं. "त्याला वाटायलंय मी टोमणा मारायलाव."

काका पडद्याकडं बघत होते. हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांचा अंगठा धोतराच्या काठावर सारखा फिरत होता, ते मी तेव्हा पाहिलं. इतक्या दिवसांत मला वाटायचं, या माणसाला नोकरी गेली काय, राहिली काय, सारखंच. तसं नव्हतं.

सहाला दहा कमी असताना पंखा मंद झाला.

खिडकी नसलेल्या त्या खोलीतला दिवा गेला. बॅटरीवर फक्त मशीनं आणि पडदा. आकडा तीन हजार एकशे चार. बाहेर सगळ्या भागातली लाईट गेली असणार, अकराशे डबे बंद पडले असणार. मशीनला ते कळायला मिनिटभर लागतं. मिनिट गेलं. लाईनी मरायला लागल्या, एकेक करत, मग झपाट्यानं. आकडा तीन हजार एकशे चार.

"हलंना की वो," मालक हळूच म्हणाले.

"दम धरा. झाडूवाला यायचाय."

तीन हजार एकशे चार. तीन हजार एकशे चार. तीन हजार नव्वद.

मग दोन हजार सहाशे. मग अठराशे अकरा. काका पुढं वाकले. नऊशे. चारशे दोन. एकशे तीस. सत्तावन्नवर येऊन तो थांबला आणि तिथंच राहिला. आकडा खाली येताना आम्ही कुणीच कधी पाहिला नव्हता. काकांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. त्या अंधारात पुसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"कमी होणं चांगलंच असतंय ना, काका?" मालकांनी विचारलं.

"हाव," काका म्हणाले.

अर्ध्या तासानं लाईट आली. अकराशे डब्यांनी हाका मारल्या, आकडा चढला, पंधराशेच्या आसपास रेंगाळत राहिला. आता फोन यायची वेळ. मालक बाहेर काउंटरपाशी फोनजवळ जाऊन बसले. पाच मिनिटं. दहा. वीस. एकदा त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, चालू आहे ना ते बघितलं, आणि परत ठेवला.

मग चप्पल घालून दोन पावलं गेले, थांबले, पुन्हा काढली आणि मशीनच्या खोलीच्या दारात आले.

"काका, उद्या किती वाजता येताव?"

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "नवाला," ते म्हणाले. "आन तो मशीनवाला अकराला येणार हाय, त्याला चहा पाजून पाठवू. बिचारा लांबून येतो."